खिळ्याची ओळ

१ जानेवारी १९८६, सकाळी ६

नवं वर्ष, नवी डायरी. संकल्प तीनच ठेवले. मागच्या साली अकरा होते, त्यात गोंधळ झाला. तंबाखू बंद. रोज डायरी. आणि वर्ष संपायच्या आत बागेच्या वहीच्या शेवटच्या पानावर सोमकुंवर हे नाव.

तिसऱ्याचा खुलासा लिहून ठेवतो, पुढे रेकॉर्डला बरं. बापूजी म्हणजे आमच्या सौंसरचे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्या ओसरीवर एक जाडजूड वही असते. संत्र्याची बाग कशी लावायची, कलम कशी करायची, डिंक्या रोग आला तर काय करायचं, सगळं त्यात. वही कोणाच्या मालकीची नाही. उजव्या पानावर शाईत पक्का मजकूर. डावं पान कोरं. ज्याला काही सुचवायचं असेल त्याने डावीकडे पेन्सिलने लिहायचं आणि खाली नाव, गाव, कुठे लावून पाहिलं ते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओसरीवर बैठक. पटलं तर बापूजी तो मजकूर उजवीकडे शाईने चढवतात आणि सुचवणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर जातं.

सत्तावीस नावं झाली. त्यात पांढुर्ण्याच्या शाळेतल्या उर्मिला मॅडम आहेत. बोरगावची पंचफुलाबाई आहे, जी दुसऱ्यांच्या बागांत कलमा करत फिरते आणि जिला सहीसुद्धा येत नाही. मी नाही. अकरा वर्षं ऑफिसचं आवक-जावक सांभाळलेला माणूस! माझ्यासारखं ड्राफ्टिंग तालुक्यात कोणाचं नाही, असं साहेब स्वतः म्हणाले होते (१९८१).

तंबाखू उद्यापासून. आजची पुडी उघडलेली आहे.

५ जानेवारी, रविवार

बैठक झाली. एकूण बेचाळीस सूचना दिल्या. एका बैठकीत इतक्या आजवर कोणी दिलेल्या नाहीत. ‘झाड’च्या जागी ‘वृक्ष’. ‘म्हातारी फांदी’च्या जागी ‘जीर्ण शाखा’. सुरुवातीला प्रस्तावना (मी लिहीन). खंड पहिला, खंड दुसरा.

बापूजींनी चष्मा पुसून सगळ्या वाचल्या, एकही सोडली नाही. मग विचारलं, शालिकराम, यातलं लावून पाह्यलेलं कोणतं? मी म्हटलं, बापूजी, ही भाषेची सुधारणा आहे, ती कशी लावून पाहणार? ते म्हणाले, मग राहू दे पेन्सिलीतच. पंचफुलाबाईने विचारलं, वृक्ष म्हनलं तं संत्रं जास्त गोड येईन का जी? सगळे हसले. मीही हसलो, सभ्यता म्हणून.

उर्मिला मॅडमनी एकच सूचना आणली होती. चोपण काळ्या मातीत खड्डा तीन फुटांऐवजी अडीच घ्या, तीन फुटांत पाणी साचतं, दोन झाडांवर दोन पावसाळे पाहिलं. पाच मिनिटांत शाईत. अर्ध्या फुटाचं एवढं कौतुक!

माझ्या मंजूर: शून्य. पण नामंजूरही नाहीत. ऑफिसच्या भाषेत विचाराधीन.

१९ जानेवारी

आमची सौ. प्रेमलता सकाळपासून मागच्या अंगणात, कलमांच्या वाफ्यात. घरात चहाला कोणी नाही.

तिच्या वडिलांनी जाताना मोहगावची पाऊण एकर जमीन तिच्या नावावर केली. मुलीच्या नावावर! भाऊ गुलाब आहे, त्यानेही हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून तिने डोक्यात घेतलं आहे, तिथे संत्र्याची बाग लावायची, आणि तीही विकतच्या कलमांची नाही, आपल्या हातच्या. तीन वर्षांपूर्वी आंबट जंबेरी लिंबाचं बी टाकलं. रोपं वाढवली. मागच्या हिवाळ्यात पंचफुलाबाईला घरी बोलावून डोळे भरायला शिकली, म्हणजे जंबेरीची साल चिरून तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि बांधून टाकायचा. नव्वद जगल्या. या जुलैत लावणी. रोज सकाळी मोजते. नव्वदच असतात, तरी मोजते.

तिला म्हटलं, एवढं करतेस तर वहीत सूचना दे. ती म्हणाली, मले काय सुचवाचं आहे, मी तं अजून शिकूनच राहिली. महत्त्वाकांक्षा नाही.

तंबाखू फक्त ऑफिसात.

२ फेब्रुवारी, रविवार

एकवीस सूचना. मंजूर शून्य. पण एक मोठी गोष्ट हाती लागली. वहीच्या पहिल्याच पानावर बापूजींच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘ही वही कोणा एकाची नाही. पाहिजे त्याने उतरवून न्यावी. आपल्या मनाने काही बदललं तर काय बदललं ते पहिल्या पानावर लिहावं, म्हणजे वाचणारा फसणार नाही.’ इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. परवानगीच आहे! आठ दिवसांच्या बोलीवर वही घरी आणली. कार्बन लावून सुरुवात.

११ फेब्रुवारी

उतरवता उतरवता सुधारणा आपोआप होत जातात. हात थांबत नाही. संक्षेप हे ड्राफ्टिंगचं मर्म. उदाहरणार्थ: ‘चुना ताजा कळीचा घ्यावा, त्याच दिवशी विझवावा, जुना उघडा पडलेला घेऊ नये.’ एवढं लांबण कशाला? ‘चुना घ्यावा.’ चुना म्हणजे चुना.

वही परत करायची तारीख काल होती. बापूजींनी निरोप पाठवला. काम चालू आहे असं कळवलं.

२ मार्च, रविवार

आज विचारांची लढाई झाली. पान एकतीस, बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारायची निळी दवाई. तिच्याखाली ओळ आहे: ‘फवारण्याआधी घासून साफ केलेला लोखंडी खिळा दवाईत बुडवून शंभर मोजावे. खिळा लाल पडला तर दवाई झाडाला देऊ नये, चुना वाढवावा. (पंचफुलाबाई, बोरगाव)’

मी सूचना मांडली, सदर ओळ अंधश्रद्धा म्हणून वगळण्यात यावी. माझे वडील दीक्षा घेतलेले. आमच्या उंबऱ्याला नाल नाही, दाराला लिंबू-मिरची नाही, कोणाच्या गळ्यात कधी ताईत नाही. आणि विसाव्या शतकात खिळा बुडवून शंभर मोजायचे? मंत्र तेवढा म्हणायचा राहिला. दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो.

पंचफुलाबाई म्हणाली, बाबू, मीही दीक्षेचीच आहो, नागपूरले पायी गेली होती. खिळा काही देव नाही. दवाई आपल्याले चाखता येत नाही, म्हणून तो चाखते अन् सांगते. बापूजी म्हणाले, दोन बादल्या करा, एक खिळा पाहून, एक न पाहता. दोन फांद्यांवर मारा. तुमचं खरं निघालं तर ती ओळ मी स्वतः खोडतो.

मी म्हटलं, मार्च एंडिंग आहे. खरंच आहे. नामंजूर. या वेळी विचाराधीनसुद्धा नाही.

२३ मार्च

निर्णय घेतला. स्वतंत्र आवृत्ती. नाव: ‘संत्रा वृक्ष-विज्ञान (सुधारित)’. संपादक: शा. ना. सोमकुंवर. स्टेन्सिल मीच कापली. सायक्लोस्टाइल मशीन ऑफिसचं, शाई ऑफिसची, पण कागद जुन्या परिपत्रकांची कोरी बाजू, त्यामुळे गैर काही नाही. पंचवीस प्रती.

पहिल्या पानावर काय बदललं ते लिहायचं म्हणतात. लिहून पाहिलं. दोन पानं भरली, मुखपृष्ठाची शोभा गेली. शिवाय सुधारणेला ‘बदल’ म्हणणं हा सुधारणेचा अपमान. काढून टाकलं. खिळ्याची ओळही अर्थातच नाही.

१३ एप्रिल

उद्या जयंती. घराला सफेदी स्वतः केली (दोन भिंती, बाकीच्या प्रेमलताने). अर्धा डबा चुना उरला. झाकण सापडलं नाही. मागच्या अंगणात ठेवला, कामी येईल.

तंबाखू: जयंतीनंतर पुन्हा पहिल्यापासून.

२७ एप्रिल

वितरण दौरा. एसटीने बोरगाव, मोहगाव, पांढुर्णा, तिथून तिगाव. तिगाव स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्यांना पाच प्रती दिल्या. मी कोण, कुठला, कोणी विचारलंही नाही, सरळ हात पुढे केला. याचा अर्थ समाजात या ज्ञानाची फार गरज आहे.

उर्मिला मॅडमना एक प्रत शाळेत नेऊन दिली. मुद्दाम.

९ मे

उर्मिला मॅडमचं कार्ड आलं. लिहितात, सोमकुंवर भाऊ, प्रत मिळाली, प्रस्तावना वाचली, पण पान एकतीसवरची खिळ्याची ओळ आणि ताज्या चुन्याची ओळ गळाली आहे, आणि बदलांची नोंद पहिल्या पानावर कुठे दिसली नाही. राहून गेलं असेल तर बाकीच्यांना कळवून टाका.

राहून गेलं! मत्सर माणसाला कुठे नेतो. कार्ड फाइल केलं.

२५ मे

दुपारी प्रेमलता माझी प्रत घेऊन बसली होती. बोट ठेवून ओळ न ओळ वाचत होती. बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. प्रत वाचताना कोणी प्रत्यक्ष दिसलं, हे पहिल्यांदाच.

मग तिने विचारलं, पंचफुलाबाईची खिळ्याची ओळ कुठं गेली? मी म्हटलं, कमिटीने काढली. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, बापूजींनी? मी म्हटलं, हो, सर्वानुमते. तिने पान उलटलं. मग म्हणाली, बापूजींनी काढली तं काही पाहूनच काढली असन.

हे खोटं नाही. जुलैच्या बैठकीत ती ओळ मी काढूनच घेणार आहे. थोडं आधी सांगितलं, इतकंच.

१ जून, रविवार

बैठकीला गेलो नाही. ऊन फार. प्रेमलताला म्हटलं, तू कशाला जातेस, खड्ड्यांचं काम पडलं आहे.

७ जून

प्रेमलता मोहगावला गेली, गुलाबसोबत खड्ड्यांत शेणखत भरायला. नव्वद खड्डे खोदून तयार आहेत. बारा तारखेला परत. जाताना सांगून गेली, आभाळ यायच्या आत कलमांले एक फवारा द्या. पंप आणून ठेवला आहे, मोरचूद फडताळात आहे, चुना तेवढा दुकानातून आणा. तुमच्या प्रतीत लिहिलं आहे तसंच करा.

माझ्या प्रतीप्रमाणे पहिलं प्रत्यक्ष काम. आणि तेही आपल्याच घरी. दुकानात कशाला जायचं, डबा आहेच.

८ जून, सकाळी ७.३०

फवारणी पूर्ण. मोरचूद शंभर ग्रॅम, चुना शंभर ग्रॅम, पाणी दहा लिटर. प्लास्टिकच्या बादलीत. सगळं काट्यावर मोजून. रंग थोडा हिरवट आला. प्रतीत ‘आकाशी’ लिहिलं आहे, पण आकाशही रोज एकसारखं कुठे असतं.

भिंतीवर कॅलेंडरचा खिळा समोरच होता. त्याच्याकडे पाहून हसू आलं.

नव्वदच्या नव्वद कलमांना पानांच्या वरून आणि खालून फवारा. कुठेही कसूर नाही. बादलीत थोडी दवाई उरली ती झाकून ठेवली. ‘लावून पाहिलं’ असं आता मलाही लिहिता येईल.

९ जून

पानांवर तांबूस ठिपके. दवाई बसली की असं दिसत असावं.

१० जून

पानांच्या कडा करपल्या. कारणं: ऊन, शेजाऱ्यांच्या कोंबड्या, मोरचुदातली भेसळ. यापैकी एक किंवा तिन्ही. दोन वेळा साधं पाणी मारलं.

११ जून, दुपारी २

शेंडे काळे पडले. पानं हात लावला की गळतात. मोजल्या. पान असलेल्या एकवीस.

कॅलेंडर उतरवलं. खिळा उपटला. विटेच्या तुकड्यावर घासला. बादलीत उरलेली दवाई होती तिच्यात बुडवला आणि मोजायला लागलो. शंभरपर्यंत जायची गरज पडली नाही. चाळीसला काढून पाहिला. लाल. नव्या तांब्यासारखा लाल.

पुसला. परत ठोकला. कॅलेंडर लावलं. ते थोडं तिरपं बसलं आहे.

तंबाखूचा हिशेब ठेवला नाही.

१२ जून

प्रेमलता दुपारच्या गाडीने आली. पिशवी हातातच होती, सरळ मागे गेली. वाफ्यापाशी खाली बसली आणि मोजायला लागली. सवयीने. मध्येच थांबली.

मी म्हटलं, ऊन फार झालं यंदा. तिने एक करपलेलं पान हातात घेतलं. मग विचारलं, प्रतीसारखंच केलं न? मी म्हटलं, तंतोतंत. ते खरं होतं. ती उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, मंग कमिटीचं चुकलं. बापूजींले सांगा लागते. त्या ओळीबिगर दुसऱ्याच्याही कलमा जळतीन. आजच चला.

माझ्यावर रागावली असती तर सोपं गेलं असतं. माझ्यावर तिचा संशयसुद्धा नाही. डोळे लाल झाले होते आणि तिला काळजी दुसऱ्यांच्या झाडांची.

मी सांगितलं, बापूजी नागपूरला मुलीकडे गेले आहेत. महिनाअखेर येतील.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवरून गेलो. बापूजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी हात केला. मी सायकल जोरात मारली.

१५ जून

तिने म्हटलेलं डोक्यातून जात नाही. दुसऱ्याच्याही कलमा. पंचवीस प्रती. पान एकतीस सगळ्यांतच आहे. प्रती परत गोळा करायच्या. प्रेमलताला सांगितलं, ऑफिसचा दौरा आहे.

१६ ते २८ जून, एकत्रित नोंद

बोरगाव: सात दिल्या होत्या. दोन शाळेच्या पुस्तकांना कव्हर. तीन पिठाच्या डब्यांखाली. एकीवर पापड वाळत होते. सातवी मालकाने स्वतःहून दिली आणि म्हणाला, बरं झालं आले, कोणाले देऊ हेच समजत नव्हतं.

मोहगाव: सहा. रस्त्यात गुलाब भेटू नये म्हणून मागच्या गल्लीने गेलो. सहाही मिळाल्या, दोन अजून सुतळीने बांधलेल्या.

पांढुर्णा: पाच. त्या मिळाल्या, एकीची पहिली आठ पानं चूल पेटवण्यात गेली होती. शिवाय उर्मिला मॅडमची सहावी. त्यांनी ती परत दिली नाही. उघडून दाखवली. पान एकतीसवर त्यांनी लाल शाईने खिळ्याची ओळ आणि ताज्या चुन्याची ओळ दोन्ही लिहून टाकल्या होत्या. म्हणाल्या, भाऊ, आता वापरण्यासारखी झाली. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

मॅडम सोडल्या तर कोणीही पान एकतीसपर्यंत गेलेलं नव्हतं. बहुतेक लोक प्रस्तावनेतच थांबले. कोणाचं एकही पान जळलं नाही. फार आनंद झाला. एसटीत बसल्यावर वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचं वाईट वाटलं. पंचवीसांपैकी माझ्या शब्दावर एकाच माणसाने भरोसा ठेवला, आणि तिच्या नव्वद कलमा गेल्या.

तिगाव: पाच दिल्या होत्या. चार चहावाल्याकडे मिळाल्या, त्याने चिवडा बांधायला ठेवल्या होत्या. पाचवी नाही. एक माणूस ती घेऊन गाडीत चढला असं तो म्हणतो. पांढरं धोतर, हातात डबा. इटारसीच्या गाडीत की नागपूरच्या, त्याला आठवत नाही. दोन तास बाकावर बसलो. दोन्हीकडून गाड्या आल्या, गेल्या. धोतरवाले पुष्कळ उतरले.

६ जुलै, रविवार

पोट दुखत असल्याचं सांगून पडून राहिलो. प्रेमलता म्हणाली, बापूजी आले असतीन आता, मी एकटीच जातो. माझी प्रत पिशवीत घातली आणि गेली. अडवायचं होतं. दारापर्यंत गेलोही.

अडीच तासांनी आली. प्रत माझ्यासमोर ठेवली. भाकरी केली, वाढली. मी जेवलो. पोटदुखीचं तिनेही विचारलं नाही, मीही आठवण दिली नाही.

भांडी घासून झाल्यावर समोर येऊन बसली. म्हणाली, झाडं जळाली तं जळाली. डोळे पुन्हा भरता येतात. तुमी मले खोटं काहून सांगतलं? मी तिथं सगळ्यायसमोर उभी राहून बापूजींले म्हनलं, तुमी ओळ काढाले नोको होती. त्यायनं वही उघडून दाखवली. ओळ जिथल्या तिथं होती.

उत्तरं मनात चार तयार होती. ड्राफ्टिंगला मी कमी पडत नाही. चारही मनातच खोडली. लाज वाटली. फार लाज वाटली.

१४ जुलै

पंचफुलाबाई आली. मी आत बसलो होतो, खिडकीतून दिसत होतं. एकेका कलमेची साल नखाने खरवडून पाहत होती. प्रेमलताला म्हणाली, रडू नोको पोरी. खालची जंबेरी जिती आहे, वरचा डोळा मेला. चौदा कलमा फुटून राहिल्या, त्या लाव यंदा. बाकीच्यायचे डोळे हिवाळ्यात पुन्हा भरू. लावणी मंग पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात.

जाताना तिने दारातून आत डोकावून विचारलं, बाबू, बरे आहे न? टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

२० जुलै

मोहगाव. चौदा कलमा मी उचलून नेल्या, मुळांच्या मातीसकट गोणपाटात बांधून. प्रेमलताने पहिल्या रांगेत लावल्या. माती पायाने नाही, हाताने दाबली. गुलाबने मला चहा दिला आणि चांगल्या जागी खाट टाकून दिली, पाहुण्यासारखं.

खड्डे नव्वद. भरले चौदा. बाकीच्यांत पाणी साचून बेडकं ओरडत होती. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. माझ्याशी बोलते, पण आता विचारत काही नाही. आधी दिवसातून दहा गोष्टी विचारायची, मी कंटाळायचो.

३ ऑगस्ट, रविवार

बैठकीला गेलो. मागे, खांबापाशी बसलो. सूचना: शून्य.

डाव्या पानावर पेन्सिलने प्रेमलताचं अक्षर होतं. बापूजींनी वाचलं: ‘पान ३१. खिळ्याची ओळ राहू द्यावी व मोठ्या अक्षरात लिहावी. आम्ही उघडा पडलेला जुना चुना घेतला, खिळा बुडवून पाहिला नाही. नव्वद कलमांपैकी शहात्तर गेल्या. ठिकाण, घरचं अंगण, सौंसर.’ बापूजींनी नियमाप्रमाणे विचारलं, लावून पाह्यलेलं आहे? ती म्हणाली, हो जी, नव्वदवर.

पाच मिनिटांत शाईत. शेवटच्या पानावर अठ्ठाविसावं नाव, प्रेमलता सोमकुंवर. वर्षाअखेर म्हटलं होतं. पाच महिने आधीच आलं.

मग बापूजींनी दौत जवळ ओढली आणि विचारलं, कंसात अनुभव कोणाचा लिहू? प्रेमलताने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने माझं नाव कुठेही घातलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, माझा. शालिकराम सोमकुंवर, आवक-जावक विभाग. बापूजी म्हणाले, विभाग नको, गाव पुरे.

तिगावच्या प्रतीचंही सांगितलं. पांढरं धोतर, हातात डबा. पंचफुलाबाई म्हणाली, त्याच्याकडं खिळा असन बाबू, सगळ्यायच्याच घरी असते.

घरी आल्यावर प्रेमलताने भिंतीवरचा खिळा काढला, दोरा बांधला आणि मोरचुदाच्या डब्यावर ठेवला. कॅलेंडर खाली भिंतीला टेकवून ठेवलं. मग विचारलं, महिन्याभरात पहिल्यांदाच काही विचारलं, तुमाले शंभरपर्यंत सावकाश मोजता येईन का? हिवाळ्यात डोळे भरल्यावर फवारा द्याचा आहे. मी म्हटलं, येईल.

ती आत गेल्यावर वाफ्यापाशी बसून मोजून पाहिलं. तीन वेळा. दर वेळी चाळीसला तो लाल खिळा दिसला, पुढे जाता आलं नाही.